पन्नास वर्षांपूर्वीच्या रिलेची काठी

मी, एल्मर हॉल्वर्सन, वय ७२, धंदा पूर्वी धान्याच्या कोठारावर मुकादम, आता काही नाही, राहणार प्रेअरी बेंड, नेब्रास्का. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

१९५१ साली बेंटन हिल कॉलेजच्या चार जणांच्या रिले संघात शेवटचा टप्पा मी धावलो. आंतरकॉलेज स्पर्धेत आम्ही पहिले आलो. मर्ल टिबेट्स, ड्वेन कोपेकी आणि रॉस्को हेज हे बाकीचे तिघे आता हयात नाहीत. रॉस्को मार्चमध्ये गेला.

पन्नास वर्षं झालेल्या विजेत्या संघाला या स्पर्धेत मैदानावर बोलावतात. चौघं आपापल्या जागी उभे राहतात, जुनी काठी हातोहात देत फेरी मारतात. काल मी एकटाच गेलो. व्यवस्थेतली मुलगी म्हणाली, "आजोबा, एकट्याची रिले कशी होणार?" मी म्हणालो, "मग तिघांना काय उकरून आणू?" तिनं मला खुर्चीवर बसवलं. फक्त माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मला फार एकटं वाटलं, हे लिहून घ्या.

लोक पांगल्यावर मी मैदानाच्या कडेला ठेवलेल्या काचेच्या कपाटातून ती जुनी काठी काढली. कुलूप नव्हतं. मर्लच्या जागेवरून निघालो, ड्वेनचा टप्पा चाललो, रॉस्कोचाही. माझ्या जागेवर आलो आणि अडलो. शेवटच्यानं मागे न बघता हात मागे धरायचा असतो, काठी मागून येते. माझी काठी माझ्याच हातात होती. तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात पहारेकऱ्यानं बोलावलेले पोलीस शिपाई गार्सा आले. "काठी द्या इकडे." मी दिली. म्हणालो, "आता थोडं मागे जा आणि धावत येऊन माझ्या हातात ठेवा."

"आजोबा, तुम्हाला पकडलंय मी!"

"पकडलंय ना? मग पळून कुठं जातोय? त्या पांढऱ्या रेघेपर्यंत तर जायचंय."

ते कुरकुरले, पण मागे गेले. मी वळून पाहिलं नाही. बुटांचा आवाज जवळ आला. "घे!" असं ते ओरडले आणि काठी तळव्यावर आपटली. ओरडायला मी सांगितलं नव्हतं. रॉस्को तसाच ओरडायचा. गुडघ्यांनी धावू दिलं नाही. रडत रेघेपर्यंत चालत गेलो, मग काठी परत दिली.

कपाट न विचारता उघडलं, हे कबूल आहे. माफी मागणार नाही.

या कामात साथीदार कोण होते, असं आपण विचारलं. मर्ल टिबेट्स, ड्वेन कोपेकी, रॉस्को हेज. आपण तिन्ही नावांपुढे 'मयत' लिहिलंत. जबाब मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा तो शब्द तिन्ही ठिकाणी मी खोडायला लावला. बाकी सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/- एल्मर हॉल्वर्सन