बुधवारचा फोन

अमृत : हलू नका हां आबा. माईक लावतोय. वरचं बटण लावा... हां. आता जरा दाराकडं तोंड करा, उजेड येऊ दे चेहऱ्यावर.

भिमाजी : पर मी अजून व्हय म्हनलेलो न्हाई.

यशोधरा : आबा, पाच मिनिटांचं काम आहे. मी सांगते तेवढंच म्हणायचं. "माझं नाव भिमाजी. मी पवनानगरला राहतो, धरणात मासे धरतो. त्या बुधवारी मी 'तपास आपला' चॅनेलच्या यशोधराताईंना फोन केला होता, पण तो सारिकाबद्दल नव्हता." बस. संपलं.

भिमाजी : मग कशाबद्दल व्हता?

यशोधरा : काहीही म्हणा. होडीच्या फेऱ्या सुरू करायच्यात, चॅनेलवर जाहिरात पाहिजे होती, असं म्हणा.

भिमाजी : माज्या होडीत जाळी असत्यात. मानसं बसवत न्हाई मी.

अमृत : मॅडम, ते पटणार नाही कुणाला. दारातच जाळी वाळत पडलीयेत.

यशोधरा : तू कॅमेऱ्यात बघ, अमृत. आबा, नीट ऐका. पोलिसांनी परवा मला बोलावलं होतं. तुमच्या सुनेच्या, अनिताच्या फोनवरून माझ्या नंबरवर कॉल आलाय. बुधवारी दुपारी सव्वादोन वाजता, चार मिनिटं. ते त्यांच्याकडं कागदावर आहे, ते मला बदलता येत नाही. पण त्या चार मिनिटांत काय बोलणं झालं, ते तुम्हाला आणि मलाच माहीत आहे ना?

भिमाजी : पोलिसांना बी माहीत हाय. मी लिवून दिलंय. अंगठा न्हाई, सही केली.

यशोधरा : म्हणूनच आलोय. तुमचं वय झालंय, तेव्हा घाबरला होतात, वार चुकला असेल. पुन्हा जबाब देता येतो. आधी हा व्हिडिओ करू, मग माझे वकील तुम्हाला वडगावला घेऊन जातील. गाडीनं नेतील, गाडीनं सोडतील.

भिमाजी : वार कसा चुकंल? बुधवारी हितं बाजार भरला व्हता. अन् तुमी सोता चौकात व्हता की.

अमृत : आम्ही? हो, बुधवारी... संदेशच्या आत्याच्या घरासमोर लाइव्ह केलं होतं आपण.

यशोधरा : त्याचा इथं काय संबंध?

भिमाजी : ती आत्या माजी शेजारीन. चिमाबाई. तुमी दाराम्होरं हुबं ऱ्हाऊन वरडत व्हता, "संदेश, बाहेर ये, सारिका कुठं आहे सांग." लोकं जमली. त्येंची आडनावं बोलून दाखवली कुनी, जात काढली. धोंडा पडला पत्र्यावर. त्या पोरानं नुस्ती तिच्यासंगं एका कंपनीत नोकरी क्येली, दोगं एका बसनं यायची, येवढंच.

यशोधरा : आम्ही फक्त प्रश्न विचारले. उत्तर द्यायचं की नाही हा त्याचा प्रश्न होता. दगड आम्ही मारला नाही.

भिमाजी : न्हाई मारला. तुमी त्येचं चित्र काडलं.

अमृत : मी काढलं.

यशोधरा : अमृत, रेकॉर्डिंग चालू आहे का?

अमृत : आवाज तपासतोय. आबा, एकदा पहिल्यापासून बोला बरं. मला लेव्हल घ्यायचीय. नंतर कापता येतं.

यशोधरा : पहिल्यापासून कशाला?

अमृत : आत्ता जे बोलतायत ते सगळं फुटतंय, मॅडम. थोडं बोलू द्या, मोकळे होतील. बोला आबा. बुधवारी सकाळी काय झालं?

भिमाजी : सकाळी जाळी काडाया गेलतो. पल्याडच्या अंगाला त्यो पांढरा बंगला हाय बगा, शनवार-रव्वारी पावनं ऱ्हात्यात त्यो. आठवडाभर बंद आसतो. वरल्या मजल्याला मागं खिडकी हाय, गज हायेत. तितं एक पोरगी हुबी व्हती. निळा टी-शर्ट. हात हलवत व्हती. मला वाटलं पावन्यांची आसंल. पावनी पोरं हलवत्यातच हात, फोटू काडत्यात. मी बी हलवला अन् आलो.

अमृत : मग?

भिमाजी : दुपारी जेवताना अनितानं मोबाईल म्होरं धरला. म्हनली, मामंजी, बगा, नवलाख उंबरं गावची पोरगी, कंपनीच्या बशीतनं काल सांजच्याला फाट्यावर उतरली अन् घरी आलीच न्हाई. सारिका नाव. एकवीस वर्साची. फोटूत त्योच निळा टी-शर्ट, कंपनीचा. माज्या हातातला घास ऱ्हायला. म्हनलं, आगं, ही तर बंगल्यात हाय.

अमृत : आणि पोलिसांना नाही, आम्हाला फोन केला.

भिमाजी : तुमच्याच व्हिडिओत लिवलं व्हतं. अनितानं वाचून दाखवलं. "काही दिसलं तर पोलिसांच्या आधी आम्हाला कळवा." खाली नंबर. तीन लाख लोकं बगत्यात म्हनली. मी म्हनलं, तीन लाख लोकांचं काम हाय, लगीच जातील.

यशोधरा : अशी रोज चाळीस-पन्नास माणसं फोन करतात, आबा. कुणाला ती कोल्हापुरात दिसते, कुणाला सुरतला. एकीच्या तर स्वप्नात आली होती. मी कुणाकुणाच्या मागं पळू?

अमृत : मॅडम, तुम्ही मला म्हणाला होतात, एका म्हाताऱ्याचा फोन आला, मोतीबिंदू आहे, काहीतरी बडबडत होता.

भिमाजी : मोतीबिंदू काडून चार वर्सं झाली. पान्यातला मासा दिसतो मला.

यशोधरा : संध्याकाळी आपलं मोठं लाइव्ह होतं. "संदेशचं खरं रूप." चाळीस हजार लोक एका वेळी बघत होते. त्यामध्येच मी सांगायचं होतं का, की थांबा, एका आबांना वेगळंच काहीतरी दिसलंय?

अमृत : लाइव्हवर नका सांगू. पोलिसांना सांगायचं.

यशोधरा : तुला आत्ता सुचतंय. तेव्हा तू थंबनेलवर लाल बाण काढत होतास.

अमृत : हो. काढत होतो. आबा, फोनवर यांनी तुम्हाला काय सांगितलं?

यशोधरा : लेव्हल झाली तुझी. पुरे.

भिमाजी : म्हनल्या, आबा, बरं केलं फोन केलात. आमची मानसं निगाली. तुमी तिकडं फिरकू नका, त्याला संशव यील. पोलिसांना बी सांगू नका, ती गाड्या वाजवत जात्याल अन् त्यो पोरीला दुसरीकडं हलवंल. मला पटलं. येवढं शिकल्यालं मानूस बोलतंय म्हनल्यावर.

अमृत : मानसं निगाली? कोण माणसं, मॅडम? आपण दोघंच तर आहोत.

यशोधरा : अरे, बोलायची पद्धत असते. सगळ्यांनाच सांगते मी तसं. फोन ठेवायला बरं पडतं.

भिमाजी : फोन ठेवाया?

यशोधरा : आबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

भिमाजी : म्हंजी कुनी निगालंच नव्हतं?

अमृत : नाही आबा. कुणीच नाही.

भिमाजी : बिस्तरवारी मी परत गेलतो.

यशोधरा : हे जबाबात नाहीये.

भिमाजी : न्हाई. ह्ये मी पोलिसांना सांगितलं न्हाई. बिस्तरवारी सकाळी जाळी टाकाया म्हनून गेलो, म्हनलं बगावं नेली का पोरीला. तर ती तितंच. गज धरून. मला बगितलं अन् दोनी हात भायेर काडलं. तोंड हलत व्हतं, आवाज न्हाई पोचत यवढ्या लांब, वारं व्हतं. मी होडीत हुबा ऱ्हायलो. असं हातानं क्येलं. असं. की थांब बाळा, थांब, येत्यात, मानसं येत्यात.

अमृत : आबा...

भिमाजी : तिला समाजलं. मान हलवली तिनं. हात आत घेतलं अन् गप हुबी ऱ्हायली. मी सांगितलं म्हनून गप ऱ्हायली ती.

यशोधरा : पाणी द्या कुणीतरी त्यांना.

भिमाजी : नगं. शुक्रवारी खिडकी लावल्याली. मी तुमाला फोन लावला. लागंना. अनितानं सतरांदा लावला.

अमृत : नंबर ब्लॉक केला होता?

यशोधरा : त्या आठवड्यात मी दोनशे नंबर ब्लॉक केले. शिव्या देत होते लोक.

भिमाजी : मग म्या पोलिसात गेलो. ती लगीच आली, खोटं कशाला बोलू. कुलूप तोडलं. खोलीत नुस्ती तिची चप्पल. बंगला राखनारा पळाला व्हता, त्येला ठेसनावर धरला. तिच्या गावात त्येचं येनं-जानं व्हतं, म्हनून फाट्यावर तेच्या गाडीत बसली म्हनत्यात. रव्वारी माज्याच जाळ्याजवळ गावली ती. डाक्टरनं सांगितलं, शुक्रवारी पाटं संपवली. बुदवार, बिस्तरवार, दोन दीस जित्ती व्हती.

यशोधरा : त्या माणसानं मारलं तिला, आबा. मी नाही, तुम्ही नाही. तो आत आहे, त्याला शिक्षा होईल. मग तुम्ही त्या चार मिनिटांवरून मला आयुष्यातून का उठवताय? माझीही एक मुलगी आहे.

भिमाजी : केवडी हाय?

यशोधरा : नववीत आहे. आबा, मी सरळच बोलते. तुम्ही जबाब बदलला नाहीत तर मलाही बोलावं लागेल. गुरुवारी तिला डोळ्यांनी बघून तुम्ही जाळं टाकून घरी आलात, हे मी चॅनेलवर सांगेन. तीन लाख लोक ऐकतील. मग तुमच्या पत्र्यावर काय पडतं ते बघा. आणि सारिकाची आई, नंदाबाई. तिला कळलं की हा माणूस माझ्या पोरीला हात दाखवून निघून आला, तर?

भिमाजी : तिला कळलंय.

यशोधरा : कुणी सांगितलं?

भिमाजी : म्या. परवा आलती ती. पोलिसांकडनं माजं नाव घेतलं अन् यष्टीनं एकलीच आली. म्हनली, दादा, तुमी शेवटचं बगितलंय म्हनं तिला, सांगा. मग काय लपवनार? बिस्तरवारचं बी सांगितलं.

अमृत : काय म्हणाल्या त्या?

भिमाजी : आदी चा घेतला. मग म्हनली, तितं न्या मला. होडीत बसवली. खिडकीच्या समूर, मी जितं हुबा व्हतो तितंच थांबवली. ऊन डोक्यावर यीस्तोवर बगत बसली. येकदा इचारलं, तिला दिसत व्हता का तुमी नीट? म्हनलं, व्हय. तर म्हनली, मग एकली नव्हती ती तवा. मग म्हनली, चला दादा, म्हशी बांदल्यात घरी.

यशोधरा : आबा, हे सगळं कोर्टात सांगणार तुम्ही?

भिमाजी : व्हय. तुमचं बी अन् माजं बी.

यशोधरा : ठीक आहे. अमृत, किती रेकॉर्ड झालंय?

अमृत : सगळं.

यशोधरा : डिलीट कर. नाही, थांब. होडीतून हात कसा केला ते करून दाखवतात आणि रडतात, तेवढं ठेव. फार छान आलंय. आवाज काढून टाकला की ते काय बोलतायत ते कळणार नाही. वर माझा आवाज घालू. "सारिकासाठी आजही रडणारे वृद्ध मच्छीमार."

अमृत : मॅडम, त्यांच्यासमोर बोलताय तुम्ही.

यशोधरा : मग काय झालं? त्यांचंही नाव होईल. मी गाडीत बसते. माईक काढून घे, आठ हजारांचा आहे. आणि बाकीचं आत्ताच्या आत्ता उडव, मला दाखव उडवलेलं. येते आबा. तब्येतीची काळजी घ्या.

भिमाजी : बरं.

(यशोधरा बाहेर जाते. गाडीचं दार लागतं.)

अमृत : आबा, मी काही उडवणार नाही. कार्ड काढून खिशात ठेवतोय. पोलिसांना देतो.

भिमाजी : द्या, न्हाईतर नका दिऊ. मी हुबा ऱ्हानारच हाय कोर्टात.

अमृत : मी लग्नाचे व्हिडिओ काढायचो, आबा, लोणावळ्याला. बरं चाललं होतं. यात कसा शिरलो कळलंच नाही. रोज रात्री आकडे बघायचे, किती वाढले, किती वाढले. संदेश त्या दिवशी दाराच्या फटीतून बघत होता. मी झूम केलं त्याच्यावर. त्याची नोकरी गेली ना?

भिमाजी : ग्येली. चिमाबाई म्हनती, भायेर पडत न्हाई पोरगा. तुमी येडं-वाकडं रडू नका हितं. अनिताची पोरं शाळंतनं यायची येळ झाली.

अमृत : तुम्ही मला एकदा न्याल का तिथं? त्या खिडकीसमोर, होडीतून? त्यांना नेलं तसं.

भिमाजी : तुमाला होडी कशाला पायजे? रस्ता हाय की तितं. चौकात तुमी हुबं व्हता न्हवं, तितनं गाडीनं धा मिनटं लागत्यात.