शिंदीचं दुकान

असं बसून चहा प्यायला लागलो की मला मल्लय्या आठवतो. माझ्या शेजारच्या मागावरचा विणकर. सत्याग्रहाच्या दिवसांत इंग्रज सरकारला शिंदीच्या दारूवरचा कर मिळू नये म्हणून ओढ्याकाठची शिंदीची झाडं तोडायला तो कुऱ्हाड घेऊन सगळ्यांच्या पुढं होता. त्याच दिवशी संध्याकाळी मात्र रोजच्या सवयीनं मला घेऊन भवानी पेठेतल्या शिंदीच्या दुकानात आला. तिथं मडकी पालथी घातलेली.

"आज शिंदी न्हाय व्हय?" मल्लय्यानं विचारलं.

"झाडं कुणी तोडली?" दुकानदार यल्लप्पा म्हणाला.

मल्लय्या जायला वळला.

"प्यायला दुसरं कायबी मिळंल की," यल्लप्पा म्हणाला. "पण तुमी दोगं बसणार कुटं?"

दुकान कायमचं बंद झालं. पुढं कैक वर्षं मी नि मल्लय्या भेटत राहिलो, पण रस्त्यात, उभ्या उभ्याच.