बुद्धभूषणच्या मेटलला कुणी विरोधच करंना

...विरोध हो, विरोध! एक साधा विरोध मिळंना माणसाला! तुमाला सांगतो, बंड करायचं म्हंजे समोर कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं पाहिजे का न्हाय? कुणीतरी म्हनलं पाहिजे का न्हाय, की ए, बंद कर त्यो आवाज? पण सोलापुरात कोण म्हननार? हितं गणपतीला आवाज, जयंतीला आवाज, वरातीला आवाज, आन ह्यातलं काय नसलं तर बारा म्हयने कापडाचे यंत्रमाग हायतच, खटाखट खटाखट खटाखट... सोलापुरात आवाजाला काय तोटा हाय का? आन अशा गावात आमचा बुद्धभूषण निघाला हेवी मेटल आनायला, ते कानठळ्या बसवनारं परदेशी गाणं. म्हंजे मंगळवेढ्यात जाऊन ज्वारी विकल्यासारखंच की!

तर बुद्धभूषण म्हंजे बुधवार पेठेतला, वय चौतीस, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हंजे माग बिघडला की पाना घेऊन जो त्याच्याखाली आडवा होतो त्यो. वडील कुंडलिक, त्याच कारखान्यात तीस वर्षं माग चालवून घरी बसले, आन येताना कान तितंच ठेवून आले. अगदी ठार बहिरे न्हायत, पण चहा घेनार का इचारलं तर म्हननार, मंगळवारी जाऊ. घरात ह्या माणसाशी बोलायचं म्हंजे गल्लीला ऐकवायचं, म्हनून हळूहळू बोलनंच कमी झालेलं.

एक दिवस पुन्याच्या मावसभावानं ह्याला मोबाईलवर एक गाणं पाठवलं. ह्यानं लावलं तर ह्याला वाटलं, स्पीकर फाटला. परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं आन खाटेवर उठून बसला, कारन त्यो आवाज ओळखीचा हुता... शंभर माग एकदम चालू केल्यावर छातीत जे होतं ना, तेच हुतं ते, फक्त कुणीतरी त्याला चाल लावलेली. ज्या आवाजानं बापाचे कान खाल्ले त्याचं गाणं होऊ शकतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. झालं, ठरलं, सोलापुरात मेटल आनायचं.

आता मेटल गळ्यातनं गात न्हायत, बेंबीच्या खालनं गातात, रांजनात वाघ अडकल्यासारखं. ह्यानं सकाळी न्हानीत सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी शेजारच्या मायाक्का हातात लिंबू आन अंगारा घेऊन पळत आल्या, पोराच्या अंगात आलंय म्हनून. आमची चांगुणाबाई, बुद्धभूषणची आई, दारात गहू निवडत बसलेली. मान वर केली न्हाय. म्हनली, "आमच्यात अंगात येत नसतं, मायाक्का. बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आमी. पोरगं गातंय." मायाक्का लिंबू घेऊन परत गेल्या, आन चांगुणाबाईनं पोराला एवडंच सांगितलं की शब्द तेवढे सुटे म्हन, कष्टानं लिवलेस तर कळू दे की लोकांना. म्हंजे बघा! परदेशात म्हनं मेटलवाल्या पोरांना आयाबाया घराभायेर काढतात. हितं आई उच्चार सुधारायला लागली!

मग मानसं जमवली. ड्रमला कल्लप्पा, अक्कलकोटाकडचा, जत्रेत हलगी वाजवनारा, ताल मोजनार ते कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, आन नाल्कुला, म्हंजे चौथ्या ठोक्याला, असा हात आपटनार की ड्रमच फुटला म्हना. गिटारला चैताली, क्लासमध्ये गणित शिकवती. तिला इचारलं, मॅडम तुमी ह्यात कशा, तर म्हनली, दिवसभर भागाकार न येणाऱ्या पोरांशी मी गोड बोलते, त्यो राग कुटंतरी काढायला नको का? आन बँडचं नाव ठेवलं धोटा. मागावर डावी-उजवीकडं पळतो ना दोरा घेऊन, लाकडी, दोन्ही टोकांना टोकदार, त्यो धोटा. एकदा उडाला तर माणसाचा दात घेऊन जातो. बाकीचे बँडवाले भुताखेतांची नावं ठेवतात, पण भूत कुणी बघितलंय? धोटा उडताना ह्यानं बघितलेला.

सराव कल्लप्पाच्या खोलीवर, भर वस्तीत. बुद्धभूषण रोज वाट बघायचा, आज कुणीतरी भांडायला येईल. समोरचे काका आले. ह्याचे डोळे चमकले. तर काका म्हनले, नातवाचं जावळ हाय रविवारी, येता का वाजवायला? मग पोलिसाची गाडी थांबली. ह्याला वाटलं, सुटलो एकदाचा, आता बंदी येनार. हवालदार उतरला, दारात उभा राहून अख्खं गाणं ऐकलं, आन म्हनला की गणपतीत आमी ह्याच्यापेक्षा लई मोठं सोसतो, चालू द्या. सोलापुरात आवाजाला काय तोटा हाय का? चैतालीनं तर वैतागून गिटारच खाली ठेवली. म्हनली, आपल्यावर कुणी साधं चिडत पण न्हाय, आपन मेटल कसले?

शेवटी पहिला कार्यक्रम धरला कारखान्यातच, सुट्टीच्या दिवशी, मागांच्या मधल्या बोळीत. मालक म्हनले, करा, फक्त सुतावर घाम पाडू नका. तेवीस कामगार आले, आन ह्यानं वडलांना गाडीवर मागं बसवून आनलं, म्हंजे आनलं कशाला ते त्यालाच सांगता आलं नसतं, ज्याला ऐकू येत न्हाय त्याला गाणं ऐकवायला कोण आनतं? पहिलं गाणं झालं. टाळी न्हाय, शिवी न्हाय. तेवढ्यात मागनं एका म्हाताऱ्या कामगारानं हात वर केला. बुद्धभूषणला वाटलं, आला, विरोध आला... म्हातारा म्हनला, जरा मोठ्यानं वाजवा की, मागं काय ऐकू येईना.

अहो, तीस-तीस वर्षं मागावर काढलेले कान ते! जगात सगळीकडं प्रेक्षक कानात बोटं घालतात, आमच्याकडं आवाज वाढवा म्हनतात. मग वाढवला. आन दुसऱ्या गाण्याला काय झालं, तुमाला सांगतो, कुंडलिक उठले. हळूहळू चालत मोठ्या स्पीकरपाशी गेले आन त्याच्यावर तळवा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत हलले न्हायत. संपल्यावर कल्लप्पाकडं वळून म्हनले, "चौथ्या ठोक्याला अडकतंय तुमचं. धोटा उशिरा येतोय."

कल्लप्पाचा चेहरा उतरला की. सात वर्षांचा असल्यापासनं हलगी वाजवतो मी, आन ज्याला ऐकू येत न्हाय त्यो मला ताल शिकवनार का, असं काय काय कन्नडमध्ये पुटपुटला. चैतालीनं मोबाईलवर गाणं भरून घेतलेलं, ते लावलं, बोटं मोजली, परत लावलं, आन हळूच म्हनली, कल्लप्पा, चौथा मागंच पडतोय रे. कल्लप्पा उठला, कुंडलिकांचा त्यो तळवा हातात घेतला आन उलटापालटा करून बघत राहिला, आत काय यंत्र बसवलंय का म्हनून.

परत येताना बुद्धभूषण गाडी चालवतोय, कुंडलिक मागं. सिग्नलला गाडी थांबली आन बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो ना, त्यामुळं चारी बाजूच्या गाड्यांना ऐकू जाईल असं म्हातारा बोलला, "चांगलं गातोस रे. मला आलं ऐकू." सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न मारमारून दमले, पण ह्याची गाडी काय हलंना.

तितनं सगळं वाढलं बघा. दर म्हयन्याला कारखान्यात कार्यक्रम, आन सरावाला स्पीकरवर तळवा ठेवून कुंडलिक हजर. मंगळवेढ्यातनं पोरं आली, त्यांच्या बँडचं नाव काणी, ज्वारीच्या कणसावर काळा रोग पडतो ना, ती. अकलूजची आली, त्यांचं नाव मळी, साखर कारखान्यात रसातनं साखर काढल्यावर जे काळं चिकट उरतं ते. त्यात गाणारी पोरगी, नाव संस्कृती. घाटगे म्हनून निवेदक, हौशी माणूस, दर वेळी माईकवर सांगनार, "आता आपली संस्कृती किंचाळेल," आन किंचाळायची की ती, पत्रे हलायचे. दोन वर्षांत जिल्ह्यात नऊ बँड. मग ठरलं, आता मोठा महोत्सव घ्यायचा.

मंगल कार्यालयाचा मॅनेजर आधी न्हायच म्हनला. त्यानं वहीत लिवलं, हेवी मेटल, आन इचारलं, नवी फरशी हाय, वजन किती भरंल? त्याला समजावलं. तर म्हनला, मग गाणंच म्हना की, सोलापुरात आवाजाला काय तोटा हाय का. रविवारी दहा ते पाच मिळालं, पाचला साखरपुडा.

आन मग पुढारी आप्पा आले. गावात काय बी वाढलं की आप्पा त्याचे मार्गदर्शक होतात, त्यांना बोलवावं लागत न्हाय. दीपप्रज्वलन झालं, प्रतिमापूजन झालं, प्रास्ताविक झालं. काणीनं तीन गाणी वाजवली, सत्कार झाले. मळीनं वाजवली, सत्कार झाले. पाहुण्यांचा, पाहुण्यांना आननाऱ्यांचा, मंडपवाल्याचा. धोटा संस्थापक, म्हनून मान शेवटचा. बुद्धभूषणला स्टेजवर खुर्चीत बसवलेलं, मे म्हयन्याची दुपार, खांद्यावर सत्काराचे अकरा टॉवेल, आन ते टॉवेल ज्या मागावर निघाले त्यो मागल्या आठवड्यात ह्यानंच दुरुस्त केलेला. खाली कल्लप्पा काड्या धरून, चैताली गिटार गळ्यात घालून, कुंडलिक स्पीकरला हात लावून उभे. साडेचार झाले. पावनेपाच. आप्पा म्हनतायत, हेवी मेटल ही काळाची गरज हाय. दारात साखरपुड्याच्या बायका परातीत साडी-खण घेऊन उभ्या.

पाचला पाच कमी असताना आप्पा थांबले, आन निवेदक म्हनला, वेळेअभावी धोटाचं सादरीकरण होऊ शकत न्हाय, पण संस्थापक दोन मिनिटं मनोगत व्यक्त करतील.

बुद्धभूषण उठला. त्यानं खाली बापाकडं बघितलं, त्यो तळवा तसाच, वाट बघत. मग ह्यानं खांद्यावरचे टॉवेल खुर्चीत ठेवले, माईक तोंडाला लावला आन बेंबीच्या खालनं काढलं की! शब्द न्हाय, चाल न्हाय, दोन वर्षांचा न मिळालेला विरोध, बापाचे कान, पाच तासांचे सत्कार, सगळं एका दमात! कार्यालयाच्या काचा थरथरल्या, परातीतले खण सरकले. पहिल्या रांगेतल्या बाया पदर सावरून बसल्या. संपलं. बुद्धभूषण दमून उभा, आता तरी, आता तरी कुणी चिडंल म्हनून...

तर टाळ्या! आप्पांनी डोळे पुसले, म्हनले, मोजक्या शब्दांत फार मोठं बोललात. पुढच्या वर्षी तुमी अध्यक्ष, गायचं काम पोरांना करू द्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खुर्चीत बसलेला, टॉवेलसकट, आन खाली बातमी, "सत्काराला उत्तर देताना बुद्धभूषण यांचा कंठ दाटून आला होता."