सोमवारी आलेली कोंबडी

फेकू नको म्हणते ना! दे इकडे तो कोंबडीचा गंज, झाकण काढून ठेव माह्यासमोर. फ्रिजातून आत्ताच काढला काय? मंग राहू दे दोन मिनिटं, थंडगार असली का मांस हाडाले धरून बसते, सोडत नाही. बस तू, तो पाट ओढ. वच्छलानंच पाठवलं ना तुले? 'जाय दामिनी, शेजारच्या रुखमिणीकाकूले विचार' — म्हटलं असन, माहीत आहे मले. तीस वर्षं झाली भिंतीले भिंत लागून, पापड सोबत, कुरड्या सोबत, पण उरलेल्याचं काय करावं हे काही तुह्या सासूले उमजलं नाही. एक तं कुत्र्याले टाकते, नाही तं माह्या घरी पाठवते. — हास, हास. पण एक सांगते, आज सोमवार आहे, मी तोंडात टाकणार नाही. हाताले काही सोमवार नसते. मीठ-तिखट मी वासावरच सांगते तुले, तू नागपूरची असली तरी शिकशीन.

तं हे तुमचं बारबिकू. भाजलेली कोंबडीच ना शेवटी? माहे बाबा वैनगंगेच्या थडीले अशीच भाजत, तेव्हा त्याले काही नाव नव्हतं. — हेमराजचं प्रमोशन झालं म्हणे? चांगलं झालं बाई, तुह्या नवऱ्यानं मेहनत केली. कोंढ्याच्या शेतात केली ना पार्टी, काल दुपारी? मले बोलावलं नाही, पण राग नाही हो, जवान पोरायची पार्टी, मी तिथं जाऊन काय करू? माहा कुंदन असता तं तो आला असता — हेमराजचा लंगोटीयार — पण तो नेमका शुक्रवारपासून नागपूरले, ट्रेनिंगले. आज सांजच्याले येतो म्हणे. भुईकडे काय पाहते? पाहा इकडे, नीट पाहा. पह्यले मांस वेगळं अन् हाडं वेगळी. सुरी नको घेऊ, बोटानंच, धाग्या-धाग्यानं निघू दे. हाडं फेकायची नाही — तिथंच तं सगळी चव असते. कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, माहा मसाला आहे त्या बरणीत, दोन चमचे घाल, अन् ह्या हाडायचा रस्सा उकळू दे चांगला अर्धा तास. धुराचा वास लागलेली हाडं आहेत, रस्स्याले अशी चव येते का तुही सासू बोटं चाटत राहीन. पण मांस शेवटी टाकायचं, हो का, एकदम शेवटी. शिजलेलं मांस पुन्हा शिजवलं का दोरीवानी होते. हे काहीतरी गोड-गोड फासलं आहे वरून — सॉस म्हणते का त्याले? — त्याले लिंबू पिळ, गोडपणा मरते.

अन् उरलं त्याचं दुसरं. रात्रीचा भात असतेच ना घरी? भंडारा जिल्ह्यात भात नाही उरला असं घर दाखव मले! लसूण-मिरचीची फोडणी, मोकळा केलेला भात, अन् मूठभर हे मांस. कुंदनाले मी असाच करून देते. जिल्हा तुटला ना, गोंदिया वेगळा झाला, त्या साली झाला तो. एकच पोरगा माहा. त्याचे बाबा गेले तेव्हा तो सातवीत होता, तेव्हापासून मी अन् तो, तो अन् मी, माग मीच चालवून राहिली. आता ह्या गल्लीत माहाच एक माग उरला. तीन महिन्यांपह्यलेच तं त्यानं ऑर्डर आणली मले, भंडाऱ्याच्या कोण्या मॅडमची — पांढरी कोशाची साडी, जांभळा काठ. दीड महिना बसली मी तिच्यावर, डोळ्यातून पाणी ये. आंधळगावहून कोसा आणला, जांभळा रंग मी सोता दिला, तसा जांभळा कोणाच्या बापाजवळ नाही सापडणार. मॅडमले लई आवडली म्हणे. — आता गुरुवारी करडी गावाले जायचं आहे आम्हाले, पोरगी पाहाले. कीर्ती नाव आहे. फोटो दाखवीन तुले. धानाची शेती आहे, पोरगी बारावी झाली, मागाचं काम येते. तिच्या बापाले मी शब्द देऊन बसली, कुंदनाले घेऊन येते म्हणून. दोन वर्षं झाली, 'थांब आई, थांब आई' करून राहिला तो. आता नाही थांबत मी. त्याची बायको ह्या घरात आली, तिच्या हातात मागाचं काम दिलं, का माहं झालं.

तिसरं सांगते, सोपं. तांदळाच्या पिठाचं धिरडं घालायचं, अन् हे मांस कांद्यासोबत परतून त्याच्यात गुंडाळायचं. डब्यात द्यायले बेस. हेमराज ऑफिसात नेईन अन् सगळ्यायले दाखवीन — थांब. हे काय आहे? टांगा बांधल्या होत्या काय कोंबडीच्या? अख्खी भाजली वाटते — हो, फाकू नये म्हणून बांधतात. हुशारी केली कोणी तरी. जळालाच नाही धागा. सूत असतं तं कवाच राख झालं असतं. कोसा आहे हा, रेशीम. कोसा विस्तवात काळा पडते, जळत नाही तसा. टांगेच्या मागं दबून राहिला, तिथं तं रंग बी — दामिनी, ती खिडकी उघड जरा. उजेड येऊ दे. — जांभळा आहे.

तुमच्याकडे कोसा कुठून आला? नाही, हेमराजजवळ कुठून येईन, तुमच्या घरचा माग तं तो पाळण्यात होता तवा विकला तुह्या सासऱ्यानं. हेमराजले बुटाची नाडी बांधता येत नाही धड. अन् ही गाठ पाहा. हात लाव. चपटी आहे ना? बोटाले लागत नाही. ही कोष्ट्याची गाठ आहे, मागावर तुटलेला धागा जोडतात ती. एका हातानं मारतात, एवढ्या चटकन का पाहणाऱ्याले दिसत नाही. अन् टोक कोणत्या बाजूले निघालं? उलट्या. डाव्या हाताच्या माणसाची गाठ आहे ही. आपल्या पवनीत डाव्या हातानं गाठ मारणारा एकच पोट्टा मी शिकवला. आठ वर्षांचा होता, माह्या मांडीवर बसून शिकला, मी म्हणे उजव्यानं मार, तो काही ऐके नाही. — मान वर कर. कुंदन काल नागपूरले नव्हता. तो तुमच्या शेतात होता. कोंबड्या त्यानं बांधल्या.

बोल ना! तेव्हा तं लई पटपट बोलत होती, 'काकू हे कसं करू, काकू ते कसं करू.' पार्टीले गेला असन, जाऊ दे, दोस्ताची पार्टी होती, मंग मले ट्रेनिंग काहून सांगतलं? — रडते कायले? तुले मारलं काय मी? — प्रमोशन नव्हतं? — मंग काय होतं? — लग्न? कोणाचं? — पुन्हा सांग. — कुंदनाचं?

थांब. बोलू नको. मले हे हाड सोडवू दे.

कोर्टात. शुक्रवारी, भंडाऱ्याले. सह्या करून. अन् कोणाशी — नको सांगू, मले माहीत आहे. त्या रीनाशी. कोंढ्याच्या बौद्ध लोकायची पोरगी, डाकघरात आहे ती. म्हणून कोंढ्याले पार्टी, तिच्याच गावात. साक्षीदार तीन लागतात, मले माहीत आहे, अनपढ नाही मी. हेमराज एक. तू? — तू नाही. मंग? — वच्छला? वच्छलानं सही केली? माह्या पोराच्या लग्नात, आईच्या जागेवर, वच्छला उभी राहिली? शनिवारी संध्याकाळी इथं बसून माह्या हातचा चहा पिऊन गेली ती! ह्याच पाटावर! गुडघ्याले तेल लाव म्हणत होती मले! तीस वर्षं, दामिनी. तिच्या बाळंतपणात मी तिची लुगडी धुतली. अन् माह्या पोराच्या लग्नाचं जेवण मले दुसऱ्या दिवशी ह्या गंजात, उरलेलं, कसं वापरू म्हणून विचाराले पाठवते? — कुंदनानं सांगतलं? 'आईच्या तोंडात घास पडू द्या, पण सांगू नका'? अन् आज सोमवार आहे, हे बी विसरला तो? का त्याची बी बुद्धी जळाली त्या विस्तवात?

मले एकदा विचारलं असतं त्यानं! मी का नाही म्हटलं असतं? — काय पाहते अशी? हो, म्हटलं होतं नाही. दोन वर्षांपह्यले म्हटलं होतं, वैनगंगेत उडी टाकीन म्हटलं होतं, आई म्हणतेच असं, कोणती आई नाही म्हणत? उडी टाकली काय मी? मी काही तशी बाई नाही. ती डाकघरवाली पोरगी माहं खातं उघडाले आली होती इथं, मी तिले बसवलं, चहा दिला, बिस्किट दिलं. चांगल्या कपात दिला. मंग तो कप घासला मी अन् — अन् खिडकीत ठेवला. वाळाले. उलटा. आठ-पंधरा दिवस राहिला असन तिथं. कामच नाही पडलं त्याचं. मी काही म्हटलं नाही कोणाले, एक शब्द नाही. कुंदन येता-जाता पाहे. एक दिवस सकाळी त्यानं तोच कप घेतला, त्यातच चहा ओतला, माह्यासमोर उभ्यानं पिला, धुतला, अन् बाकीच्या कपायसोबत ठेवून दिला. त्यानंतर त्यानं तिचं नावच नाही काढलं. मले वाटलं खूळ गेलं पोराचं. मी सुटली म्हटलं. देवाले नारळ फोडला मी. — ते तुले कायले सांगून राहिली मी? तुले काय करायचं माह्या कपाचं?

फोटो आहे का? तुह्या फोनात असनच, आजकाल सगळ्यायच्या फोनात सगळं असते, आईच्या डोळ्यालेच नसते. दाखव. — हात ओले आहेत, तू धर. जवळ आण. — हा काय, दुबळा दिसून राहिला. शर्ट नवा आहे. अन् ही — ही साडी.

भंडाऱ्याची मॅडम.

पदर चांगला पडला. काठ सरळ आला, मले भीती होती त्या काठाची. तिनं नेसली बी नीट. — बंद कर तो फोन! बंद कर! दीड महिना मी रात्रंदिवस पाठ मोडली, त्याले म्हणे, 'मॅडम कशी आहे रे, गोरी आहे का, जांभळा खुलन का तिले?' अन् तो पोट्टा माह्यासमोर बसून भात खाऊन राहिला, म्हणे, 'खुलते आई, खुलते.' माह्या हातानं माह्या सुनेची साडी विणून घेतली, अन् मलेच नाही सांगतलं. मागून घेतली असती तं मी दिली नसती, खरं आहे. दिली नसती. पण फसवून घेतली, हे लागलं मले. परक्यानं फसवलं तं माणूस शिव्या देते. आपल्या पोराले मी काय देऊ?

वाजून राहिला तुहा फोन. त्याचाच ना? नाव दिसते मले, चष्मा नसला तरी एवढं दिसते. आईनं खाल्लं का विचाराले. — नको उचलू! उचलू नको म्हणते. वाजू दे. ऐक आता. तू इथं आलीच नाही. घरी जाऊन सांगजो, वच्छलाले बी, त्याले बी — काकू घरी नव्हती. गंज परत आणला, मांस मीच सोडवलं. एवढे दिवस तुम्ही सगळे खोटं बोलले ना माह्याशी? आता एक माह्यासाठी बोल. मले काही माहीत नाही. मंग त्याले सोता यावं लागन. ह्या उंबऱ्यावर उभं राहून, आपल्या तोंडानं सांगावं लागन मले — तुह्या तोंडानं नाही, वच्छलाच्या तोंडानं नाही, कोंबडीच्या टांगेवरून नाही. अन् नाही सांगतलं, तं गुरुवारी मी त्याले करडीले नेईन, त्या पोरीच्या बापासमोर बसवीन, हातात पोह्याची बशी देईन, अन् पाहीन किती वेळ चूप बसते तो.

मांस निघालं सगळं. हाडं गंजातच एका बाजूले आहेत, रस्सा करजो. घे गंज, जाय. — पाया-बिया नको पडू, उठ. — अन् दामिनी, खोटं नीट बोलता येत नाही तुले, चेहऱ्यावर दिसते. म्हणून खरंच करून जाय — काकूच्या दाराले कुलूप होतं, एवढं तं खरं राहीन. ते कुलूप खुंटीवर आहे, किल्लीसगट. बाहेरून कडी घाल अन् कुलूप लाव. किल्ली खिडकीतून आत टाक, तो उंबऱ्यावर आला का त्याच्याच हातात देईन. — मले काही होत नाही, मी बसते मागावर, आवाज न करता. लाव म्हणते ना.