पोथीघराला पूल कशाला?

अध्यक्षस्थानी बसलेले सरपंच थोंगसाय, आज आमचा निरोप घेऊन निघालेले विहारप्रमुख भंते खेमवरो, तालुक्याहून आलेले पाहुणे आणि समोरच्या मंडळींनो! कुणी छत्री विसरून आलंय, कुणी चष्मा. त्याचं काही नाही. पण गावाच्या पोथ्या तळ्याच्या मधोमध कशाला ठेवल्यात हेच सगळे विसरलात, याला काय म्हणावं?

मगाशी सरपंचांनी टाळ्या घेतल्या. भंतेंची आठवण म्हणून पोथीघरापर्यंत सिमेंटचा पूल! छान. सरपंच, तुमच्या पणजोबांनी पाण्यात सोळा खांब रोवले, एक खिळा न मारता तीन पदरी छप्पर चढवलं. त्या माणसाला पूल बांधता येत नव्हता होय? वाळवीला पोहता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. फळी टाकायची, आत जायचं, परतल्यावर फळी ओढून घ्यायची.

"आजी, आवरा आता." आवरते रे थोंगसाय. तुझ्या बारशालाही मला असंच गप्प केलं होतं, म्हणून तर हे असलं नाव पडलं.

भंते, एकोणीस वर्षं पोटात ठेवलेलं आज बोलते, राग नसावा. तुम्ही नवे होता. गुडघे दुखतात म्हणून एका पावसाळ्यात फळी महिनाभर तशीच राहू दिलीत. मी बासनं बदलायला गेले. मला अक्षर येत नाही. मीच विणलेल्या बासनाच्या काठावरून मी पोथी ओळखते. हत्तीच्या काठाची, सणाला वाचायची पोथी उचलली, तर कापसासारखी हलकी! बासन धड, आत ताडपत्रांची माती.

"उपासिके, गावाला सांगणार का?" तुम्ही विचारलंत.

"आधी पुन्हा लिहा, मग बघू."

शेजारच्या गावची प्रत मागून आणलीत आणि दोन वर्षं लोखंडी लेखणीनं पान न् पान कोरलंत. अक्षर कसं आलंय ते मला काय कळणार? वजन मात्र बरोबर भरलं. मी गप्प बसले.

आज पुलाला टाळ्या पडल्या, तेव्हा तुम्ही खाली बघत होता. आता वर बघा आणि सांगा, पूल हवा?

"नको. उपासिका खरं बोलतायत. चूक माझी होती. फळीच राहू दे."

ऐकलंत? काय म्हणता सरपंच, आलेल्या सिमेंटचं काय करू? घाटाच्या पायऱ्या बांधा, माझेही गुडघे दुखतात. आणि फळी ओढायची पाळी घरोघरी लावा, पहिली तुमच्या घरची.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. म्हातारीच्या तोंडून जास्त-उणं गेलं असेल तर पदरात घ्या. भंतेंच्या नव्या विहारात दर महिन्याला चिकट भात आणि मिरचीची झणझणीत चटणी पाठवा. गुळाचं काही पाठवू नका. ते वाचता वाचता खातात, आणि तिथलं पोथीघर जमिनीवर आहे.