यादीतलं शेवटचं नाव

मॅडिसन, १९१७. विधानसभेजवळच्या न्हाव्याकडे वर्तमानपत्राआड तोंड लपवून बसलो होतो. शेजारी दोन आमदार, हजेरीच्या यादीतले पहिले आमोट आणि शेवटचे त्सविकी. सभागृहात मतांसाठी विजेची बटणं आणि फलकावर प्रत्येक नावापुढे दिवे नुकतेच बसले होते.

"अकरा वर्षं कारकून पहिलं माझं नाव पुकारायचा, त्सविकी. तू आपला नव्व्याण्णव जणांचं ऐकून मत द्यायचास."

"द्यायचो. कधी हरलो नाही."

"आणि काल?"

"काल सगळ्यांनी एकदमच दाबायचं. कानोसा घेणार कुणाचा? शाळामास्तरणींच्या पेन्शनला मला वाटलं तसं 'हो' दाबून टाकलं."

"ठराव तर आपटला!"

"जोरात. कर वाढवायला निघालो म्हणून आमच्याकडचे चीज बनवणारे मतदार चिडलेत. पुढच्या खेपेला घरी बसवतील."

"मग हसतोस काय लेका?"

"गॅलरीत आमची व्हेरेना होती. लग्नाआधी मास्तरीण होती ती. माझ्या नावापुढचा 'हो'चा हिरवा दिवा तिनं पाहिला."

"काय म्हणाल्या वहिनी?"

"घरापर्यंत हात धरून चालली. ती बटणं बसवणाऱ्या वायरमनचा पत्ता आहे का रे तुझ्याकडे? आभाराचं पत्र टाकायचंय."