मधल्या भिंतीपलीकडं

मेसईदहून दोह्याला निघालेल्या बसमध्ये गार्गीच्या मागे दोन निवृत्त फौजी बसले होते; आता दोघंही इथं कतारमध्ये सिक्युरिटीत.

“बाजीराव, गावाकडं वहिनींना पिस्तुलाचं लायसन मिळालं ना? मग हॉलो पॉइंट गोळ्या घे. पोकळ टोकाची गोळी अंगात फुलती, तिथंच थांबती. साधी आरपार जाती.”

“आन् नेम चुकला तर?”

“मधली भिंत पत्र्याची ना? मग दोन्ही गोळ्या पार होतील. पलीकडं कोण झोपतं?”

“आमची पोरगी, नयना. दिवा न लावता पाण्याला उठती, मांजरावानी.”

“मग रे?”

“खलास, शिवराज. पिस्तूलच नको.”

“आन् मग त्या दोघी एकट्याच?”

बाजीराव पुढं वाकला. “बाळ, शाळेत जातीस नव्हं? इंग्रजीत राजीनामा लिहून देशील?”

गार्गीनं झटकन वही उघडली. “कारण काय लिहू, काका?”

“लिही, घरी राखणीला माणूस पायजे.”